वंगणाची सवय आणि रबराचे सांधे

परभणी जिल्ह्याच्या मोठ्या भागावर पसरलेली काळी माती कापूस, सोयाबीन आणि ज्वारीला जितकी मानवते तितकी रस्त्यांना मानवत नाही. बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की ती आकसून तिला खोल भेगा पडतात. अशा पायावर बांधलेला डांबरी रस्ता दर वर्षी खालून हलवला जातो, त्यामुळे त्याला लांब लाटा येतात, कडा तुटतात आणि रस्त्यालगतची साइडपट्टी खचून डांबराच्या पातळीपेक्षा बरीच खाली जाते. गंगाखेड किंवा पाथरीच्या बाजूला उसाने भरलेली ट्रॉली समोरून आली की लहान मोटारीला डावे चाक साइडपट्टीवर उतरवावे लागते आणि ट्रॉली गेल्यावर तेच चाक पुन्हा डांबराच्या धारेवर चढवावे लागते. या एका चढउतारात चाक, त्याला धरणारा आर्म, स्टिअरिंगचा टाय रॉड आणि चाकाला फिरवणारा अ‍ॅक्सल या सगळ्यांना एकाच वेळी आडवा हिसका बसतो, आणि पंधरा-वीस वर्षे वापरात असलेल्या मोटारीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच ठिकाणी सापडते.

अशा मोटारींमध्ये मारुती ८०० चे उदाहरण घेणे सोयीचे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली पडलेल्या आणि १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबलेल्या या मोटारीच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रती देशात विकल्या गेल्या, आणि त्यांतील अनेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. मोटारीची बाजारातील किंमत आणि तिच्या चाकांखालील एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च यांत फारसे अंतर उरत नाही, तेव्हा मालक स्वतः पाना हातात घेण्याचा विचार करतो. आणि संगणकीय ब्रेक-नियंत्रण नसलेल्या, मोकळ्या रचनेच्या या पिढीच्या मोटारीत तो विचार अवास्तवही नसतो.

या जिल्ह्यात यंत्राला हात लावण्याचे शिक्षण बहुधा शेतातच मिळते. बैलगाडीच्या आसाला वंगण, ट्रॅक्टरच्या निप्पलला ग्रीसगन आणि ट्रॉलीच्या पाट्यांवर जळके ऑइल ही देखभालीची परंपरा लोखंडावर लोखंड घासणाऱ्या यंत्रांतून आलेली असून त्या यंत्रांपुरती ती पूर्णपणे योग्य आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाके पाट्यांवर, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांवर तोललेली असत, आणि पाटा जिथे चेसीला लटकतो तिथल्या शॅकललाही ग्रीसचे निप्पल असे. वेळेवर ग्रीस भरले की सांधा वर्षानुवर्षे चाले. पुढच्या पिढीच्या लहान मोटारींत मात्र बहुतेक निप्पल नाहीसे झाले. त्यांच्या जागी एक तर कारखान्यातच ग्रीस भरून रबरी टोपणाने कायमचे बंद केलेले सांधे आले, किंवा वंगणाची गरजच नसलेले रबरी बुश आले. लोखंड तेच राहिले, पण त्याचे आयुष्य आता रबराच्या आयुष्यावर अवलंबून राहू लागले, आणि वंगणाची जुनी सवय नेमकी इथेच घातक ठरू लागली.

बुश म्हणजे आतली आणि बाहेरची अशा दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये बसवलेले जाड रबर. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे आतले टोक अशा बुशमधून बोल्टने मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असते. चाक वर-खाली होते तेव्हा हा बुश बेअरिंगसारखा घसरत नाही, तर त्यातले रबर पिळले जाते आणि चाक जागेवर आले की ते पीळ सोडते. घर्षण नसल्यामुळे वंगणाचा प्रश्न येत नाही. जुने झाले की मात्र हे रबर कडक होऊन कुरकुरू लागते, आणि ट्रॅक्टरवर हात बसलेला मनुष्य स्वाभाविकपणे त्यावर ऑइल किंवा डिझेल सोडतो. कुरकुर त्याच क्षणी थांबते, त्यामुळे उपाय लागू पडला असे वाटते, पण नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि काही महिन्यांत पोलादी नळीपासून सुटते. मग आर्म पुढे-मागे हलू लागतो, ब्रेक दाबताच मोटार एका बाजूला ओढते आणि टायरची एक कड भराभर झिजते. परभणीत मे महिन्यात तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत हिवाळ्यात कधी कधी पाच अंशांखालच्या नोंदी होतात; एवढ्या फरकाने आणि हवेतील ओझोनने रबर तसेही तडकत असतेच, त्यात तेलाची भर घालण्याचे कारण नाही. कुरकुर सहन होत नसेल तर पाण्याने माती धुऊन सिलिकॉनचा फवारा मारावा, आणि तरीही थांबली नाही तर बुशचा काळ संपला असे समजावे.

दोष कुठे आहे हे ओळखणे हा घरगुती दुरुस्तीचा सर्वांत कमी जोखमीचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडला असता ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती झुलत राहिली किंवा शॉकअप ऑइलने ओला दिसला तर तो गेला आहे. शॉकअपचे काम धक्का झेलण्याचे नसून, झेललेल्या धक्क्याने स्प्रिंग उडत राहू नये म्हणून तिला आवरण्याचे असते, आणि लाटा आलेल्या रस्त्यावर निकामी शॉकअपची मोटार का पोहू लागते याचे उत्तर त्यातच आहे. चाक उचलून ते वरून आणि खालून धरून हलवले असता खेळ जाणवला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा किंवा लोअर आर्मच्या टोकाशी असलेल्या बॉल जॉइंटचा असतो. अशा वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हब आणि त्याला धरणारा भाग एकमेकांना बांधले जातात, म्हणून खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंट दोषी ठरतो. पुढचे चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर येणारा खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकाचा असतो. हे सगळे समजण्यासाठी खर्च होतो तो फक्त अर्ध्या तासाचा, आणि गॅरेजमध्ये पुढे काय बदलले जात आहे हे कळण्याइतकी समज मालकाला येते.

चाक उचलण्याची क्रिया साधी वाटते, पण या कामातील जीवघेणे अपघात बहुधा तिथेच होतात. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचललेल्या मोटारीखाली घोडी, म्हणजे पोलादी स्टँड, लावल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग खाली जाता कामा नये. घोडीच्या जागी विटा रचण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु भाजलेली वीट थोड्या जागेवर आलेल्या भाराने पूर्वसूचना न देता दुभंगते, आणि दगडी रचना घसरते. काळ्या मातीच्या अंगणात तर जॅकच खाली रुततो. वरून वाळलेली दिसणारी माती आतून ओली असते. काम कोब्यावर किंवा पक्क्या फरशीवर करावे, आणि ते शक्यच नसेल तर जाड, रुंद लाकडी फळीवर जॅक आणि घोडी दोन्ही ठेवावीत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. हँडब्रेक सर्वसाधारणपणे मागच्या चाकांवर चालतो, तेव्हा मागची बाजू उचलताना तो काहीही धरत नाही आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे अनिवार्य होते.

बुश बदलताना हमखास राहून जाणारी एक बाब आहे. जुना बुश दाबून काढणे आणि नवा बसवणे हे प्रेसचे काम असल्याने आर्म उतरवून लेथच्या दुकानात न्यावा आणि बाकीची जोडणी घरी करावी, अशी विभागणी सोयीची पडते. आर्म परत बसवताना चाक हवेत लोंबकळत असते, आणि त्याच अवस्थेत बोल्ट घट्ट आवळला जातो. बोल्ट आवळताच बुशची आतली नळी त्या स्थितीत पक्की होते. मग मोटार खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. अशा बुशला मोटार उभी असतानाही विश्रांती नसते आणि तो फार लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवून, चाकावर मोटारीचा पूर्ण भार आल्यानंतरच शेवटचा आवळ द्यायचा असतो. बाजारातल्या नव्या बुशांना नावे ठेवण्याआधी ते कोणत्या अवस्थेत आवळले गेले याची चौकशी व्हायला हवी.

घरी हात लावू नये असा एक भाग म्हणजे पुढच्या शॉकअपभोवतीची गुंडाळी स्प्रिंग. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात, आणि खांबाच्या माथ्यावरचा मधला नट दाबून ठेवलेल्या स्प्रिंगला आवरून धरतो. स्प्रिंग कंप्रेसर न लावता तो नट सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. तारेने किंवा दोराने स्प्रिंग बांधून हे काम उरकणारे लोक आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. पूर्ण खांब उतरवून, स्प्रिंग सोडण्यापुरता तो गॅरेजमध्ये नेणे हा मार्ग उपलब्ध असताना धोका पत्करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीत अ‍ॅक्सलला दोन कामे एकदम करावी लागतात, कारण चाक फिरवायचे असते आणि त्याच वेळी ते वळूही द्यायचे असते. हे साधते ते बाहेरच्या सीव्ही जॉइंटमुळे; त्यात सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात आणि वळणावरही दोन्ही बाजूंचा वेग समान ठेवतात. हा सांधा दीर्घायुषी असतो, पण तो ज्या घडीदार रबरी बुटात ग्रीससह बंद असतो तो बूट फाटला की त्याचे दिवस भरतात. फाटलेला बूट ओळखण्यासाठी पाना लागत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे डोकावले की बुटाच्या घडीच्या तळाशी चीर दिसते, आणि रिमच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगवर व आसपासच्या पत्र्यावर एकाच रेषेत उडालेल्या ग्रीसचा पट्टा दिसतो, ज्याला धूळ चिकटून तो खरखरीत झालेला असतो. पावसाळ्यात चाकाच्या पोकळीत दाबून बसलेला काळ्या मातीचा गारा वाळला की दगडासारखा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला बुटाला घासतो; शेतातून किंवा पांदणीतून आल्यावर चाकांच्या आतली माती त्याच दिवशी काढण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चीर लवकर दिसली तर सांधा धुऊन, मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस भरून केवळ बूट बदलता येतो. पूर्ण वळणावर हळू चालवताना चाकातून कट-कट असा आवाज येऊ लागला असेल तर माती गोळ्यांपर्यंत पोहोचून खाचा खाल्ल्या गेल्या आहेत आणि नवा बूट घालणे व्यर्थ आहे. अ‍ॅक्सल काढण्यासाठी हबचा मोठा नट सोडावा लागतो, आणि तो मोटार चारही चाकांवर उभी असताना, ब्रेक दाबून धरून सैल करावा. जॅकवर उचललेल्या मोटारीवर एवढा जोर लावणे म्हणजे तिला खाली पाडण्याचा प्रयत्न करण्यासारखे आहे. आतले टोक गिअरबॉक्समधून ओढताना गिअर ऑइल बाहेर येते, म्हणून ते आधी काढून घ्यावे आणि शेवटी नव्याने भरावे. हबच्या नटाची जुनी कॉटर पिन पुन्हा वापरू नये. चाकाचे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवण्याचा प्रकारही टाळावा, कारण ठोक्याने गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग काही दिवसांतच घुमू लागते.

ब्रेकच्या बाबतीत रबराचे महत्त्व सर्वांत अधिक आहे, आणि चुकीला मात्र दुसरी संधी मिळत नाही. बंद द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो या पास्कलच्या सतराव्या शतकातील तत्त्वावर हायड्रॉलिक ब्रेक चालतात: पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो आणि तो दाब नळ्यांतून चाकापर्यंत जातो. या द्रवाला सगळे ऑइल म्हणत असले तरी ते खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायन आहे, आणि सिलिंडरातील रबरी वॉशर त्याच रसायनासाठी घडवलेले असतात. त्यांना पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल लागले की ते फुगून अडकतात किंवा फाटतात. लोखंडी भाग रॉकेलने धुण्याची गॅरेजमधली आणि शेतातलीही जुनी सवय इथे पूर्णपणे मोडावी लागते. सिलिंडरचे भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या ब्रेक क्लीनरने स्वच्छ करावेत आणि टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये. चुकून तसे झालेच तर द्रव बदलून भागत नाही, सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

ग्लायकॉलचा दुसरा गुण म्हणजे ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांबच्या घाट उतारावर ब्रेक तापले की मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रवाप्रमाणे वाफ दाब पुढे पोहोचवत नसल्याने पेडल रिकामे खाली जाते. परभणी जिल्हा बव्हंशी सपाट असल्यामुळे हा दोष इथे वर्षानुवर्षे लपून राहतो आणि बालाघाटाच्या रांगा किंवा सह्याद्रीचा घाट उतरताना अचानक प्रकट होतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा नियम याच कारणाने आहे. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नये.

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे हे सावध मालकाच्या आवाक्यातील काम आहे. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा, सोडल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबू न देता तारेने स्प्रिंगला टांगावा. त्यातील पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी कडी असते. दाब आला की ती पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मागे खेचते. पॅड आणि डिस्क यांच्यातील केसाएवढे अंतर राखणारी कोणतीही स्प्रिंग तिथे नसते, ते काम ही कडीच करते. ती कडक झाली किंवा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीत पिस्टनवर गंज धरला की पॅड डिस्कला घासत राहतो. थोडे चालवून थांबल्यावर एकच चाक बाजूला उभे राहूनही झळ लागेल इतके तापलेले असते. असेच लक्षण रबरी नळी आतून सुजल्यावरही दिसते, कारण पेडलचा जोर ऑइलला पुढे ढकलतो पण परतीची वाट बंद झालेली असते, आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते. दहा-बारा वर्षांच्या नळ्या तपासत बसण्यापेक्षा बदलून टाकणे शहाणपणाचे.

मागच्या ड्रममध्ये लायनर लावलेले दोन शू व्हील सिलिंडरने बाहेर ढकलले जातात. सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर आत ओल दिसली तर वॉशर गेला आहे, आणि ब्रेक ऑइलने भिजलेला लायनर धुऊन, वाळवून किंवा जाळून वापरता येत नाही. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना अपायकारक अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते; ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. पॅड असोत वा लायनर, ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, अन्यथा मोटार एका बाजूला ओढते.

नळी किंवा सिलिंडर उघडला की आतली हवा काढावीच लागते. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकावरचा निप्पल क्षणभर उघडून बंद करतो आणि पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालू राहते. चाकांचा क्रम कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि टाकीतील पातळी कधीही तळाला जाऊ देऊ नये. जुन्या मोटारीत पेडल तळापर्यंत दाबू नये, ही सूचना अनुभवी मिस्त्री आवर्जून देतात. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिथे गंजाचा थर साचलेला असतो, आणि हवा काढताना एकदाच तळापर्यंत गेलेला रबरी वॉशर त्या थरावर कापला जातो. काम होण्यापूर्वी ठीक असलेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळू लागतो तो यामुळे. काम संपल्यावर मोटार जागची हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबावे आणि पहिली चाचणी मोकळ्या जागेत पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते; एमएच २२ क्रमांकाची जुनी मोटार परभणीच्या परिवहन कार्यालयात नेण्यापूर्वी वरील तपासणी घरी करून घेतल्यास हेलपाटे वाचतात. सुटे भाग घेताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रबर वापराविनाही जुने होते, आणि विक्रीतून बाद झालेल्या मोटारीचे बुश, बूट व नळ्या दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली अनेक उन्हाळे पडून राहिलेल्या असू शकतात. पुडी नवी असली तरी नखाने दाबून, घडी उलगडून बारीक तडे पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. टायरवर तरी वयाची नोंद असते: बाजूच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. जुन्या मोटारीत हा आकडा सर्वांत आधी डिकीतल्या स्टेपनीवर वाचावा, कारण नक्षी कोरी करकरीत असूनही चारही चाकांपेक्षा ती बहुधा वयाने मोठी निघते.